सल्ला: सर म्हणाले ‘वेस्टच्या बाटलीत टाक’, पण बाटल्या तीन होत्या

पत्र:

ताई, मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या सेकंड इयरला आहे, जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज आहे, प्लीज नाव छापू नका. मागच्या आठवड्यात लॅबमध्ये एक प्रकार झाला तो डोक्यातून जातच नाहीये. सरांनी व्हॉइस नोट पाठवली की धुतलेलं सगळं वेस्टच्या बाटलीत टाक आणि आवर. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणारं, समोर सरकती काच असलेलं कपाट) तीन ब्राउन बाटल्या होत्या, तिन्हीवर मार्करनं नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेलं. मी त्यातल्या एकीत मेथनॉल आणि ॲसिटोनचे वॉशिंग्ज ओतले आणि झाकण घट्ट लावलं. पंधरा-वीस मिनिटांनी बाटलीतून सूं सूं आवाज यायला लागला आणि आत तपकिरी धूर दिसला. लॅबच्या मामांनी बघितलं, त्यांनी हूडची काच खाली ओढली आणि आम्हाला ओरडून बाहेर काढलं, थोड्या वेळात बाटली फुटलीच. कोणाला लागलं नाही, माझी मैत्रीण जरा खोकत होती. नंतर कळलं की सिनियर दादानं सकाळी सिंटर्ड फनेल (गाळायचं काचेचं नरसाळं) धुतलेलं नायट्रिक ॲसिड त्याच बाटलीत टाकलं होतं. दादा म्हणतो केमिस्ट्रीत असं होतच असतं, घाबरून चालत नाही. काचा मामांनी भरल्या आणि सरांना कोणी काही सांगितलंच नाही. मला सांगायचंय, पण इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत आणि दादा पण अडकेल. दुसरं म्हणजे सरांनी मला लॅबची चावी दिलीये, रविवारी मी एकटीच येऊन कॉलम (मिश्रणातले पदार्थ सॉल्व्हंट सोडून वेगळे करायची काचेची नळी) लावते, ते चालू ठेवू का? आणि घरी सांगितलं तर आई प्रोजेक्टच बंद करायला लावेल, मग काय करू?

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी तुझ्या मैत्रिणीला फोन कर. बाकीचं नंतर वाच. तो तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, आणि हा गॅस फसवा असतो, कारण तो पाण्यात पटकन विरघळत नाही त्यामुळे नाकाघशात फार झोंबत नाही आणि सरळ फुफ्फुसात खोलवर जातो. माणसाला वाटतं जरा खोकला आला, गेला, संपलं, आणि मग काही तासांनी, कधीकधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. तो टप्पा तुमचा टळलाय असं दिसतंय, पण काही लोकांना मधे एकदम बरं वाटून दोन-चार आठवड्यांनी परत धाप, ताप, खोकला सुरू होतो. तर तिला, तुला किंवा मामांना जिना चढताना दम लागतोय, खोकला राहिलाय असं काही असेल तर डॉक्टरकडे जा आणि ‘लॅबमध्ये धूर गेला नाकात’ एवढंच न सांगता ‘नायट्रोजन डायऑक्साइड श्वासात गेला होता, अमुक तारखेला’ असं नाव घेऊन सांगा, शक्यतो कागदावर लिहून न्या. मामांना तर मुद्दाम विचार, कारण काच खाली ओढायला सगळ्यात जवळ तेच गेले होते आणि काचाही त्यांनीच भरल्या, आणि पत्रात तुझ्या मैत्रिणीच्या खोकल्याचा उल्लेख आहे पण मामांचं कसं आहे ते नाहीये.

आता झालं काय ते बघू. नायट्रिक ॲसिड हे नुसतं ॲसिड नाहीये, जोरदार ऑक्सिडायझर आहे, आणि मेथनॉल, ॲसिटोन, इथेनॉल ही सगळी त्याच्यासाठी जळण. एकत्र आले की सुरुवातीला बऱ्याचदा काहीच होत नाही, बाटली शांत बसते, मग हळूहळू गरम होते, गरम झाली की रिॲक्शन अजून जोरात, त्यातून अजून गरम, आणि गॅस तर निघतच असतो. झाकण घट्ट असेल तर काच जिथपर्यंत सहन करते तिथपर्यंत सहन करते आणि मग फुटते. तुझी पंधरा-वीस मिनिटांत बोलायला लागली हे एका अर्थी नशीबच म्हणायचं, कारण हाच प्रकार काही तास घेऊन रात्री लॅब बंद असताना झालेला आहे, किंवा सकाळी कोणी बाटली उचलायला गेलं आणि हातात फुटली असंही झालेलं आहे. जगभरातल्या कॉलेज लॅबमध्ये वेस्टच्या बाटल्या फुटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, तेव्हा तू काहीतरी जगावेगळा गाढवपणा केलास असं अजिबात डोक्यात ठेवू नकोस.

मामांनी जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. बाटलीला हात लावला नाही, झाकण उघडून बघितलं नाही, काच खाली, सगळे बाहेर. परत असं दिसलं तर हेच, शिवाय लॅबचं दार बंद करून दुसऱ्या कोणी आत जाऊ नये म्हणून बाहेर एक जण उभा करायचा, शेजारच्या लॅबला सांगायचं आणि एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, फोन. आग लागली किंवा कोणाला लागलं तर 112 ला फोन, रुग्णवाहिकेला 108. फोनवर बोलणाऱ्यानं आधी कुठे ते सांगायचं, कॉलेजचं नाव, बिल्डिंग, मजला, कुठल्या गेटनं यायचं, आणि मग काय झालं ते, कारण घाबरलेला माणूस अर्धा मिनिट काय झालं तेच सांगत बसतो आणि गाडी मागच्या गेटला जाऊन उभी राहते.

पण मला तुझ्या पत्रात बाटलीपेक्षा जास्त दिसलं ते हे की त्या दिवशी लागणारी सगळी माहिती लॅबमध्ये होती. दादाला माहीत होतं सकाळी नायट्रिक कुठल्या बाटलीत गेलं. सरांना माहीत होतं की तुझ्या वॉशिंग्जमध्ये सॉल्व्हंट आहे आणि ते कशात जायला हवं. मामांना तपकिरी धुराचा अर्थ माहीत होता. फक्त ओतणारी जी होती, म्हणजे तू, तिच्यापर्यंत यातलं काहीही पोचलं नव्हतं. तिघांपैकी कोणी वाईट नाही, निष्काळजी म्हणावं असंही नाही, प्रत्येकाला वाटलं की हे तर सगळ्यांना माहीतच असतं.

अमेरिकेत टेक्सास टेक युनिव्हर्सिटीत जानेवारी 2010 मध्ये अगदी असंच झालं होतं. तिथले दोन विद्यार्थी निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट नावाच्या स्फोटक संयुगावर काम करत होते. गाईडच्या मते एका वेळी 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचं नाही हे ठरलेलं होतं, पण ते ठरलेलं तोंडी, कुठे लिहिलेलं नाही, प्रत्येक नव्या मुलाला सांगितलं जाईलच अशी काही सोय नाही. या मुलांनी टेस्टिंगसाठी एकच बॅच बरी म्हणून साधारण 10 ग्रॅम बनवलं, म्हणजे शंभर पट. त्यातल्या एकानं हेक्सेन घालून ओलं करून खलबत्त्यात गुठळ्या फोडायला घेतलं, ओलं आहे म्हणजे सेफ आहे या समजुतीनं, मग काम झालं म्हणून गॉगल काढला, आणि परत येऊन एकदा शेवटचं ढवळायला गेला तेव्हा ते उडालं. तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली, हात-तोंड भाजलं. नंतर तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डानं चौकशी केली तेव्हा हेही निघालं की त्याच डिपार्टमेंटमध्ये आधी थोडक्यात वाचलेले प्रसंग झाले होते, पण त्यांची नोंद ठेवून त्यातून कोणी काही बदललेलं नव्हतं. तू तुझ्या लॅबमधला प्रसंग सरांना सांगायलाच हवा असं मी म्हणते ते याच्यासाठी. आत्ता तुमच्याकडे एक फुकटात मिळालेली माहिती आहे, काचेच्या बाटलीच्या किमतीत, आणि ती तुम्ही चौघांनी मिळून पुरून टाकलीये.

आता दादाचं ‘घाबरून चालत नाही’. हे वाक्य मी बरीच वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये ऐकत आलेय आणि मला त्याचा राग येतो. हवाई युनिव्हर्सिटीत मार्च 2016 मध्ये एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारी) मुलगी बॅक्टेरिया वाढवायला हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण एका टाकीत भरून वापरत होती. टाकीला हात लावला की स्टॅटिकचा शॉक बसतो हे तिनं आधी वरिष्ठांना सांगितलं होतं, आणि काळजी करू नकोस असं तिला सांगण्यात आलं. टाकीवर जो डिजिटल प्रेशर गेज होता तो ज्वालाग्राही गॅससाठी बनवलेलाच नव्हता. स्फोटात तिचा एक हात गेला. म्हणजे बघ, तिला जे जाणवलं ते तिनं बोलून दाखवलं होतं, बरोबर माणसाला सांगितलं होतं, ऐकणाऱ्यानं ते ‘घाबरते बिचारी’ या खात्यात टाकलं. तुला जे झालंय, तो प्रकार डोक्यातून न जाणं, त्याला दादा भित्रेपणा म्हणतो, मी म्हणेन की तुला एक गोष्ट नीट दिसलीये जी त्याला अजून दिसलेली नाही. फक्त ती सरांना सांगताना ‘सर मला भीती वाटते’ असं सांगू नकोस, कारण मग उत्तर पण भीतीलाच मिळतं, धीर देतात आणि विषय संपतो. काय झालं, कुठे, किती वाजता आणि आता काय हवंय असं सांग.

मी तुझ्या जागी असते तर असा मेसेज टाकला असता, टाइप करून, व्हॉइस नोट नको:

‘सर, अमुक तारखेला दुपारी साधारण इतक्या वाजता हूडमधली एक वेस्टची बाटली फुटली. त्यात आधी नायट्रिक ॲसिडचं वेस्ट होतं, मी त्यात मेथनॉल-ॲसिटोनचे वॉशिंग्ज ओतले. बाटलीवर फक्त वेस्ट लिहिलेलं असल्यानं आत काय आहे ते मला कळलं नाही. तपकिरी धूर आला, मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कोणाला जखम झाली नाही, एकीला खोकला आला होता. तुम्हाला सांगायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. सर, वेस्टच्या बाटल्यांवर काय काय लिहायचं आणि नायट्रिक वेगळं कुठे ठेवायचं हे तुम्ही एकदा ठरवून दिलंत तर मी आणि माझी मैत्रीण शनिवारी सगळ्या बाटल्यांना लेबल लावून देतो. मी उद्या साडेदहाला येऊन भेटू का?’

यात दादाचं नाव नाहीये बघ. खोटं काही नाही, लपवलंही काही नाही, सरांनी विचारलं की कोणाचं नायट्रिक तर दादानं स्वतःच सांगावं. त्यासाठी मेसेज टाकायच्या आधी दादाला गाठ आणि सरळ सांग की दादा मी आज सरांना सांगणारे, तुझं नाव लिहीत नाहीये, पण तू पण आलास तर बरं होईल. बहुतेक वेळा माणूस येतो, कारण मागून कळण्यापेक्षा समोर उभं राहणं बरं हे त्यालाही कळतं. नाही आला तरी तू त्याच्या पाठीमागे काही केलं नाहीस.

मार्कांचं काय, तर मी तुला खोटी गॅरंटी देणार नाही. सर चिडू शकतात, विशेषतः ‘इतके दिवस का नाही सांगितलंस’ म्हणून, आणि तो राग खरं तर रास्त आहे, तेवढा ऐकून घे. पण ज्या मुलीनं स्वतःहून येऊन सांगितलं आणि वर लेबलं लावायची तयारी दाखवली तिचे मार्क कापणारे गाईड मी फार कमी पाहिलेत. समजा तसं झालंच, किंवा सर म्हणाले की हे बाहेर बोलू नकोस आणि बाटल्या तशाच राहिल्या, तर एचओडींकडे लेखी अर्ज, एकटीनं नाही, दोघी-तिघींच्या सह्या घेऊन. त्याच्याही पुढे जायची वेळ आली तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्याकडे जाता येतं. हे सगळं तुला माहीत असावं म्हणून सांगतेय, पहिल्या दिवशीच समितीचं नाव घेऊ नकोस, त्यानं बोलणं बंद होतं.

आता रोजच्या कामातलं, आणि हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हॉइस नोट आली की तिचं उत्तर ‘ओके सर’ हे देऊ नकोस. जे समजलं ते लिहून परत पाठव. ‘सर, मी असं समजले, मेथनॉल-ॲसिटोनचे वॉशिंग्ज डावीकडच्या बाटलीत, ज्यात फक्त नॉन-हॅलोजनेटेड (क्लोरीन वगैरे नसलेलं) सॉल्व्हंट आहे. बरोबर?’ सरांना याला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात, आणि त्या दिवशी एवढाच मेसेज गेला असता तर सर लगेच म्हणाले असते थांब, कुठली डावीकडची. समोरासमोर पण तेच कर, ‘दादा मी एकदा परत म्हणून दाखवते हां’ असं म्हणायचं आणि म्हणायचं. सुरुवातीला लोक हसतील. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरनं सांगितलेलं परत म्हणून दाखवतात, तो त्यांचा नियम आहे आणि त्यांना कोणी हसत नाही.

आकडा आला की युनिट आलंच पाहिजे. आपल्याकडे अजूनही प्रॅक्टिकलच्या अर्ध्या जर्नलमध्ये नॉर्मॅलिटी आणि अर्ध्यात मोलॅरिटी, म्हणजे स्ट्रेंथ मोजायची दोन वेगळी मापं, आणि कोणी ‘सिक्सचं सल्फ्युरिक बनव’ म्हणून गेलं तर 6 नॉर्मल आणि 6 मोलर यात सरळ दुपटीचा फरक पडतो. आणि ‘थोडं घाल’, ‘अंदाजानं टाक’, ‘नेहमीचंच’ हे शब्द ऐकले की काम सुरू करायच्या आधी विचार, नेहमीचं म्हणजे किती. नवीन माणसाला नेहमीचं असं काही नसतं.

लेबल. बाटलीवर आत काय आहे त्याचं पूर्ण नाव, नुसता फॉर्म्युला नाही, किती स्ट्रेंथचं, तारीख, कोणी भरलं, आणि एक शब्द धोक्याचा. वेस्टच्या बाटलीला एक कागद लटकवून ठेवायचा आणि जो काही ओतेल त्यानं ओतायच्या आधी त्यावर लिहायचं, नंतर नाही, कारण लिहिताना वरची ओळ वाचली जाते आणि तिथेच माणूस थांबतो. मार्करनं लिहू नका, ॲसिटोनचा एक ओघळ आला की पुसतं, पेन्सिलनं लिहा आणि वरून पारदर्शक सेलोटेप मारा. ॲसिडच्या बाटल्यांची कागदी लेबलं वाफेनं काळी पडून गळून जातात हे तू बघितलंच असशील, ती दर टर्मला बदलायची. ज्या बाटलीत काय आहे हे कोणालाच माहीत नाही तिच्यावर ‘अज्ञात, हात लावू नये’ असं लिहून बाजूला ठेवायची, वास घेऊन ओळखायला जायचं नाही. डायएथिल इथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख तर हवीच, कारण उघडल्यावर त्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात आणि जुनी बाटली नुसतं झाकण फिरवतानाही धोक्याची होऊ शकते. आणि कृपा करून पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत कुठलंही केमिकल भरू नका, एक तासासाठी पण नको, मे महिन्यात लॅबमध्ये तहानलेला माणूस वास घेत बसत नाही.

आणि लेबल मराठीत पण लिहा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्या कॉलेजांमध्ये लेबल वाचणारे आपण, पण बाटल्या उचलणारे, धुणारे, सांडलेलं पुसणारे मामा आणि झाडूवाल्या मावशी, आणि त्यांच्यासाठी इंग्लिशमधलं लेबल असून नसल्यासारखं. ‘तीव्र आम्ल, भाजते’, ‘पेट घेते, बर्नरपासून लांब’, ‘विष, सिंकमध्ये ओतू नये’, एवढं लिहिलं तरी खूप झालं. फुटलेली काच साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, वेगळं खोकं करा आणि त्यावर ‘काच’ लिहा, मावशी डबा हातानं दाबतात.

दिल्लीचं प्रकरण तुला कदाचित माहीत नसेल, तू लहान असशील. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 असलेलं एक जुनं गॅमा सेल उपकरण 1985 पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, तिथल्या कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली, एक जण गेला. ज्या माणसांनी ते हातानं फोडलं त्यांना ते काय आहे हे कोणीही सांगितलेलं नव्हतं. बाटली असो की मशीन, आपण लॅबमधून बाहेर टाकलेल्या वस्तूला शेवटी जो हात लावतो त्याला कळेल अशा भाषेत सांगणं हे आपलंच काम आहे, भंगारवाल्याचं नाही.

वेस्ट वेगवेगळं कसं ठेवायचं ते सर ठरवतीलच, पण तू निदान एवढं धरून चाल: नायट्रिकची बाटली एकटी, तिच्याजवळपास सॉल्व्हंट नाही, क्लोरोफॉर्म-डीसीएम (डायक्लोरोमिथेन) वेगळे, बाकीचे सॉल्व्हंट वेगळे, क्रोमियम-मर्क्युरी-लेडवालं वेगळं. आणि क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एका बाटलीत नको, त्यात अल्कली आली तर तेही भडकतं. बाटली काठोकाठ भरायची नाही, आणि ज्यातून गॅस निघू शकतो तिचं झाकण घट्ट करायचं नाही, हूडमध्येच ठेवायची. बाटल्या भरल्यावर पुढे काय हा प्रश्न बहुतेक छोट्या कॉलेजांत विचारलाच जात नाही, सिंक आहेच. महाराष्ट्रात घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला सोय आहे, कॉलेजनं मनावर घेतलं तर रस्ता निघतो, चार-पाच कॉलेजांनी मिळून केलं तर अजून सोपं. हा विषय एचओडींच्या पातळीवरचा आहे, पण भेटीत काढून ठेव.

हातमोज्यांवर फार विसंबू नकोस, पातळ नायट्राइल ग्लोव्हमधून ॲसिटोन बघता बघता आत येतं, ओले झाले की काढून टाकायचे. डोळ्यात काही उडालं तर लगेच नळाखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान 15 मिनिटं, घड्याळ लावून, आणि मग डॉक्टर. लोक दोन मिनिटं धुतात आणि पळत सुटतात.

आता रविवार. एकटीनं कॉलम लावू नकोस. या रविवारपासूनच नको. लिटरच्या हिशेबात हेक्सेन आणि इथाइल ॲसिटेट, बंद बिल्डिंग, वॉचमन गेटवर आणि तू लॅबमध्ये, आणि दुपारी लाइट गेली की हूडचा पंखा बंद. काही झालं तर तुला कळायच्या आधी दुसऱ्या कोणाला कळणारच नाहीये. लॉस एंजलिसला कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये 29 डिसेंबर 2008 ला, सुट्टीच्या दिवसांत, 23 वर्षांची एक मुलगी टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजमध्ये घेत होती. हे हवेत आलं की आपोआप पेटतं. प्लंजर निसटला, अंगावर लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, तो पेटला. जवळ सहकारी होते, धावले, पण इमर्जन्सी शॉवरखाली तिला कोणी नेलं नाही. अठरा दिवसांनी ती गेली. तिथे माणसं असून हे झालं. तुझ्याकडे रविवारी माणूसच नाही. चावी सरांना परत कर असं मी म्हणत नाही, रविवारी जाऊन थिसिस लिही, स्पेक्ट्रा बघ, पण सॉल्व्हंट, ॲसिड, हीटिंग, गॅस यातलं काहीही करायचं असेल तर दुसरी व्यक्ती त्याच खोलीत हवी, शेजारच्या नाही. सरांनी डेडलाइनचा विषय काढला तर मैत्रिणीबरोबर आलटून पालटून दिवस लावा, तिचं काम असेल तेव्हा तू बस, तुझं असेल तेव्हा ती. आणि लॅबमध्ये सुती कपडे, ओढणी घरी किंवा कोटाच्या आत गाठ मारून, केस बांधलेले, चप्पल नाही.

रात्रभर रिफ्लक्स (वाफ थंड करून परत खाली आणत मिश्रण उकळत ठेवणं) चालू ठेवून जाणारी मुलं तुमच्याकडे असतीलच. त्यांनी हूडच्या काचेवर कागद चिकटवायचा, आत काय आहे, कोणाचं आहे, फोन नंबर, आणि लाइट किंवा नळाचं पाणी गेलं तर आलेल्या माणसानं काय बंद करायचं. आपल्याकडे पाण्याचं प्रेशर रात्री कमी-जास्त होतं, कंडेन्सरची नळी निसटते, हे काही क्वचित होणारं नाही, तेव्हा नळीला तारेनं किंवा क्लिपनं आवळल्याशिवाय घरी जायचं नाही.

राहिली आई. सांग तिला. पण आधी सरांना भेट आणि मग सांग, म्हणजे तुला ‘बाटली फुटली’ एवढंच सांगून थांबावं लागणार नाही, पुढे काय ठरलं तेही सांगता येईल, रविवारी एकटी जाणार नाही हेही सांगता येईल. तिला सगळ्यात जास्त तेच ऐकायचं असेल. बाहेरून कुठूनतरी तिला कळलं तर मात्र ती प्रोजेक्ट बंद करायला लावेल आणि तेव्हा तुझी बाजू घ्यायला मलाही जड जाईल.

मेसेज उद्याच टाक, आणि भेटायला जाताना मामांना बरोबर ने. त्या हूडमध्ये कोण कधी काय ठेवतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसेल, आणि त्या दिवशी सगळ्यात आधी ज्यांना कळलं त्यांचं म्हणणं सरांनी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. सर काय म्हणाले ते मला कळव, आणि मैत्रिणीचा खोकला कसा आहे तेही.